पांढरं कार्ड दाखवलं तर म्हणाले, तुम्ही दिव्यांगच नाही

पत्र

ताई, मी 44 वर्षांची आहे, परळकडच्या एका अनुदानित शाळेत सायन्स शिकवते, राहायला भांडुपला. दोन वर्षांपूर्वी मला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं कळलं. डाव्या पायात जोर कमी झालाय, थकवा प्रचंड येतो, उकाडा वाढला की दुपारी पाय अक्षरशः ओढत चालते. माझे सगळे तास तिसऱ्या मजल्यावर, दुपारच्या अधिवेशनात, आणि शाळेला लिफ्ट नाही. हेडमास्तरांकडे तळमजल्याचे वर्ग आणि सकाळचं अधिवेशन मागितलं, यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) दाखवलं. त्यावर दिव्यांगत्व 35 टक्के आहे. सर म्हणाले, "40 च्या खाली कायद्यात काही नाही, कार्डपण पांढरं आहे, तुम्ही दिव्यांगमध्ये येतच नाही." आणि गेल्या आठवड्यात त्याच सरांनी संस्थेच्या सेक्रेटरींसमोर बसवून सांगितलं की तुम्ही आता वर्गासाठी फिट नाही, तब्येतीचं कारण लिहून राजीनामा द्या, पेन्शनचं आम्ही बघू, नाहीतर मेडिकल बोर्डाकडे पाठवावं लागेल. मिस्टर म्हणतात देऊन टाक, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. काय करू?
— एक बाई, भांडुप

उत्तर

बाई, सोमवारी कशावरही सही करू नका. "विचार करून लेखी कळवते" एवढंच सांगा आणि तासाला जा. बाकीचं सगळं नंतर, आधी हे, कारण बाकी चुका निस्तरता येतात पण स्वतःच्या हातानं लिहिलेला राजीनामा मागे घेताना वकिलांनाही घाम फुटतो.

आता तुमच्या हेडमास्तरांचं बोलणं जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. सोय मागितली तेव्हा तुम्ही पुरेशा दिव्यांग नाही. नोकरीवर राहायचं म्हटलं तर तुम्ही इतक्या दिव्यांग की वर्गावर उभं राहू शकत नाही. बाई एकच, पाय तोच, कार्ड तेच, मग दोन्ही खरं कसं असेल? मला वाटतं सरांना स्वतःलाही हे लक्षात आलं नसेल, कुणीतरी कधीतरी "40 टक्के" हा आकडा सांगितलेला असतो आणि ऑफिसात तोच कायदा होऊन बसतो. पण तुमच्या केसचा सगळा जीव याच विसंगतीत आहे, म्हणून ती दोन्ही वाक्यं तारीख घालून वहीत लिहून ठेवा, समोर कोण कोण बसलं होतं तेही.

40 टक्क्यांचं खरं काय ते सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला, आणि त्याच्या यादीत 21 प्रकार आहेत (आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते). एमएसचं त्या यादीत नाव घालून उल्लेख आहे, त्यामुळे "हा आजार आहे, दिव्यांगत्व नाही" असं कुणी म्हणालं तर तो विषय तिथेच संपतो. आता कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि गोंधळ इथेच होतो. कलम 2 च्या (एस) मध्ये "दिव्यांग व्यक्ती" कोण ते सांगितलंय: जिला दीर्घकाळाचं शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांचं वैगुण्य आहे आणि समोरच्या अडथळ्यांमुळे तिला इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही अशी व्यक्ती. यात टक्केवारीचा शब्दही नाही. आणि अडथळा हा शब्द बघा, म्हणजे कायदा फक्त तुमच्या पायाकडे बघत नाही, तिसऱ्या मजल्याच्या जिन्याकडेही बघतो. मग (आर) मध्ये "बेंचमार्क डिसेबिलिटी" येते, ती 40 टक्के आणि वर. ही कशासाठी, तर सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या जागा, काही योजना, अशा ठिकाणी जिथे मोजक्या गोष्टी वाटायच्या असतात तिथे. भेदभाव करू नका (कलम 3) आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून द्या (कलम 20), हे दोन्ही 40 टक्केवाल्यांपुरते नाहीत, सगळ्या दिव्यांग व्यक्तींसाठी आहेत. पांढरं कार्ड म्हणजे 40 च्या खाली, बरोबर. पण सरकारनं तुम्हाला दिव्यांग म्हणूनच ते कार्ड दिलंय ना! दिव्यांग नसलेल्या माणसाला यूडीआयडी कार्ड देतात का?

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. 11 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये नेमकं हेच ठरवलं. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, हातानं लिहिणं जमत नव्हतं, सिव्हिल सर्व्हिसेसच्या परीक्षेला लेखनिक मागितला तर उत्तर आलं की बेंचमार्क असेल तरच, नाहीतर नाही. कोर्टानं सांगितलं की या दोन व्याख्या एकमेकींत मिसळणं म्हणजे कायद्याचा हेतूच मोडणं, आणि वाजवी सोय नाकारणं हा स्वतःच एक भेदभाव आहे. तुमच्या अर्जात दुसरं काही नाही लिहिलंत तरी चालेल, पण या केसचं नाव लिहा.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), हाच 40 चा आकडा उलट्या बाजूनंही वापरतात. आपल्या महाराष्ट्रातलाच एक मुलगा, बोलण्यातला दोष, टक्केवारी चाळिशीच्या थोडी वर, एमबीबीएसला बसला तर नियम म्हणत होता की 40 किंवा जास्त असेल तर मेडिकलला अपात्र. म्हणजे आरक्षणाला 40 लागतात आणि 40 झाले की ॲडमिशन नाही! 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या बोर्डाकडून त्याची पुन्हा तपासणी करवली, बोर्ड म्हणालं हा मुलगा कोर्स करू शकतो, आणि मग 15 ऑक्टोबरच्या निकालात कोर्टानं लिहिलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला बाहेर काढायचं नाही, त्या माणसाला ते काम प्रत्यक्ष जमतं का ते तपासायचं. त्याला आकडा जास्त म्हणून अडवलं, तुम्हाला कमी म्हणून. त्यामुळे टक्के ऐकले की मला आता संशयच येतो, समोरच्याला माणसाकडे बघायचं नसलं की तो आकड्याकडे बघतो.

आता नोकरीचं. कलम 20 चं पोटकलम 4 असं आहे की नोकरीत असताना कर्मचाऱ्याला दिव्यांगत्व आलं तर त्याला काढायचं नाही, पदावनत करायचं नाही. असलेलं काम जमत नसेल तर त्याच पगारावर आणि त्याच फायद्यांसह दुसऱ्या पदावर न्यायचं, तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य म्हणजे जादाच्या पदावर ठेवायचं. हे कलम सरकारी आस्थापनांना लागू आहे, आणि इथे तुमचं नशीब बरं आहे कारण कायद्यातल्या सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या आणि *अनुदानित* संस्थाही येतात. संस्थेचे लोक म्हणतील आम्ही प्रायव्हेट ट्रस्ट, आमचा काय संबंध, तेव्हा हा शब्द दाखवा. (विनाअनुदानित शाळेतल्या किंवा प्रायव्हेट कंपनीतल्या वाचकांनी मात्र हा परिच्छेद आपल्याला लागू धरू नका, तुमच्याकडे कलम 3 आणि कलम 21 मधलं समान संधी धोरण आहे, पण 20(4) सारखी ढाल नाही, आणि ही या कायद्यातली मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे.)

1995 च्या कायद्यातही असंच कलम होतं, 47 वं, त्यामुळे निकाल वीस-बावीस वर्षांपासूनचे आहेत. कुणाल सिंग केस, 2003, निमलष्करी दलातला शिपाई, पाय कापावा लागला, वैद्यकीय कारणावरून घरी पाठवून पेन्शन सुरू केली. सरकार म्हणालं पेन्शन घेतोय ना, मग झालं. कोर्ट म्हणालं पेन्शन दिली म्हणून नोकरीवरून काढायची मुभा मिळत नाही. आणि तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाची आहे ती 2008 ची भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ. तो सहायक लाइनमन, नोकरीत असताना दृष्टी पूर्ण गेली, त्यानं स्वतःच अर्ज लिहिला की मला निवृत्त करा आणि बायकोला नोकरी द्या. मंडळानं अर्जाचा पहिला भाग तेवढा उचलला. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हा माणूस हक्क माहीत नसताना हतबल होऊन लिहितोय, तेव्हा अधिकाऱ्यांचं काम होतं त्याला कायदा समजावून सांगायचं, त्याच्या अज्ञानाचा फायदा उठवायचं नाही, आणि त्याला नोकरीत धरून पगार द्यायला लावला. पण बाई, याचा अर्थ "सही केली तरी कोर्ट सोडवेल" असा काढू नका हं. त्याला माहीत नव्हतं म्हणून सुटला, तुम्हाला आता माहीत आहे.

सेक्रेटरींचं "पेन्शनचं बघू" मला मुळीच आवडलेलं नाही. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या पेन्शनच्या नियमांत राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते, आणि तुम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागला असाल तर जुनी पेन्शन सहसा लागूच नसते, मग ते नेमकं काय बघणार आहेत? खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा 1977 चा जो एमईपीएस कायदा आहे त्यात राजीनाम्याची पद्धतसुद्धा घालून दिलीय, दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टानं पाठवायची, एक स्वतःजवळ. हे असं का केलं असेल? कारण ऑफिसात समोर बसवून राजीनामे लिहून घ्यायची रीत जुनी आहे आणि कायदा करणाऱ्यांना ती चांगली माहीत होती. आणि उद्या त्यांनी स्वतः तुम्हाला काढलंच तर त्याच कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, ऑर्डर हातात पडल्यापासून 30 दिवसांत. ती मुदत मात्र चुकवू नका.

मेडिकल बोर्डाची धमकी. घाबरू नका, जा. फक्त जायच्या आधी शाळेकडून लेखी मागा की बोर्डाला नेमका प्रश्न काय विचारलाय. "शिक्षिका फिट आहेत का" असा प्रश्न विचारला तर उत्तर एका शब्दात येतं आणि ते धोक्याचं. प्रश्न असा पाहिजे की तळमजल्यावर, सकाळच्या वेळेत, बसून शिकवायची मुभा दिली तर या शिकवू शकतात का. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून याच भाषेत एक पत्र आधीच घेऊन ठेवा, उष्णतेनं लक्षणं वाढतात हे त्यात असू द्या, ते एमएसमध्ये सर्वश्रुत आहे, कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट लिहून देईल.

काय मागता येणार नाही तेही ऐका. वाजवी सोय याची व्याख्याच अशी आहे की समोरच्यावर बेसुमार बोजा न टाकता करता येईल तेवढा बदल. तळमजल्याचा वर्ग, टाइमटेबल, खुर्ची, दोन तासांच्या मध्ये एक ऑफ, परीक्षेला वरच्या मजल्याचं सुपरव्हिजन नको, यात कुठला बोजा? तीन शिक्षकांच्या वर्गांची अदलाबदल, एवढंच. पण "सगळे तास कमी करा आणि पगार पूर्ण द्या" असं मागाल तर कोर्टही विचारेल की मग ते तास कोण घेणार. लिफ्टचा मुद्दा मी अर्जात शेवटी ठेवीन. शाळेची इमारत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येईल अशी असली पाहिजे हे कायद्यात आहेच, 2017 मध्ये नियम निघाले, जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षं दिली होती, ती 2022 मध्ये संपली, आणि तरीही परळ-लालबागच्या जुन्या शाळांचे जिने तसेच आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाला सरकारला सांगावं लागलं की तुमचे सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी होऊन बसलेत, सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा. तो मोठा लढा आहे, लढायलाच हवा, पण तुमचा वर्ग खाली यायला लिफ्ट लागत नाही.

मिस्टरांना म्हणावं, म्हण बरोबर आहे, पण सध्या अडचण शाळेच्या पायऱ्यांची आहे, कोर्टाची पायरी खूप लांब आहे आणि बहुतेक तिथवर जावं लागणार नाही. त्यांची भीती मात्र मी उडवून लावत नाही. तेलंगणाच्या एसटी महामंडळातला एक ड्रायव्हर, रंगांधळा निघाला म्हणून 2016 मध्ये घरी बसवला, सुप्रीम कोर्टानं त्याला न्याय दिला ऑगस्ट 2025 मध्ये. कोर्टानं महामंडळाला झापलं की दुसरं पद शोधायचा प्रयत्नच तुम्ही केला नाही, तो करणं तुमची जबाबदारी होती, त्याला सामावून घ्या. पण मधल्या काळाच्या थकबाकीतले मिळाले 25 टक्के. आणि कोर्ट नेहमी एकाच सुरात बोललंय असंही नाही, 2019 मध्ये याच सुप्रीम कोर्टानं न्यायाधीशपदासाठी अंधत्वाची 50 टक्क्यांची वरची मर्यादा चालवून घेतली होती. विकास कुमारच्या निकालानं त्यावर बोट ठेवलं, आणि मार्च 2025 मध्ये सांगितलं गेलं की अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून अडवता येणार नाही. वारं कुठल्या बाजूला वाहतंय ते दिसतंय, पण 2019 च्या त्या उमेदवाराला ते पद मिळालं नाहीच. म्हणून मी म्हणते कागद आत्ता तयार करा, म्हणजे भांडण अर्जावरच मिटतं.

आणि बाई, तुम्हाला स्वतःलाच थांबावंसं वाटत असेल, रोजची लोकल नको झाली असेल, तर तेही ठीक आहे, त्यात हरणं वगैरे काही नाही. पण मग सहा महिन्यांनी, पेन्शनचा हिशोब हातात घेऊन, तुमच्या तारखेला. सोमवारी त्यांच्या तारखेला नाही.

अर्ज साधा लिहा, एक पान पुरे. मी असा लिहीन: "मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 3 आणि 20 नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात: तळमजल्यावरचे वर्ग, सकाळचं अधिवेशन, सलग दोनपेक्षा जास्त तास नसावेत. या सोयींसाठी 40 टक्क्यांची अट नाही, कृपया विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, 2021 हा निकाल पाहावा. सोय देता येत नसेल तर प्रत्येक मागणीचं कारण लेखी कळवावं. मला राजीनामा द्यायचा नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. सही, तारीख. हेडमास्तरांना, प्रत संस्थेला, प्रत तुमच्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांना. सोबत विचारा की शाळेचा तक्रार निवारण अधिकारी कोण, कलम 23 प्रमाणे नेमायला हवा आणि त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायला हवी. बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नसतो, तुमच्या प्रश्नानं निदान धावपळ तरी होईल.

महिनाभरात काही हललं नाही तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. त्यांना समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, निकाल शिफारशीच्या स्वरूपात येतो, पण तीन महिन्यांत त्यावर काय केलं ते शाळेला कळवावं लागतं आणि तो कागद पुढे हायकोर्टात फार कामाला येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर बाई म्हणून आणि दिव्यांग म्हणून, दोन्ही कारणांनी तुम्हाला मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरणात नुसतं कार्ड घेऊन जा.

अर्ज शिपायाच्या हातात ठेवून येऊ नका, क्लार्ककडून आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तिथे वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा आणि पावतीचा फोटो मिस्टरांच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा.